गोळीची साक्ष

उन्माद आणि अवसाद या दोन टोकांमध्ये मनाला हेलकावे देणाऱ्या द्विध्रुवी विकारात औषध मध्येच सुटले की दुखणे उलटते. म्हणूनच भोपाळच्या अशोका गार्डनमध्ये काय किंवा अमेरिकेत काय, ‘गोळी घेतलीस का?’ या प्रश्नाने घरोघर खटके उडतात.

नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेने त्यावर एक यांत्रिक तोडगा मान्य केला. अ‍ॅरिपिप्राझोलच्या गोळीत वाळूच्या कणाएवढा संवेदक बसविलेला असतो. जठररसाचा स्पर्श होताच तो क्षीण संकेत देतो. बरगडीपाशी चिकटविलेली पट्टी तो टिपते व मोबाईलला कळविते. पट्टी हालचाल आणि विश्रांतीही नोंदते, आणि हीच नोंद कदाचित अधिक मोलाची. कारण झोपेची गरज एकाएकी घटणे ही उन्मादाची जुनी चाहूल होय.

मात्र या साधनाने रुग्ण औषध अधिक नियमाने घेतो, हे सिद्ध झाले नसल्याचे मान्यतेच्या वेळीच नमूद झाले होते. संवेदक बनविणाऱ्या प्रोटियस कंपनीचे २०२० मध्ये दिवाळे निघाले.

नोंद कोणी पाहावी, हे रुग्णाने ठरवायचे असते. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही त्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. परंतु तीव्र उन्मादात ज्याला चहूकडे पाळतच दिसते, त्याच्या हाती चहाडी करणारी गोळी ठेवायची कशी, याचे उत्तर यंत्राजवळ नाही.