ब्यूनॉस आयर्स : पाहुण्यांनीं पाहिलेलें शहर



एखाद्या मोठ्या शहराविषयीं तेथल्या रहिवाशास विचारावें, तर तो घरभाडें, धूळ आणि नगरपालिका यांजविषयीं बोलेल. तेथें चार दिवस राहून आलेल्या पाहुण्यास विचारावें, तर तो रस्ते, जेवण आणि माणसें यांचें वर्णन करील, आणि तेवढ्याच भांडवलावर शहराच्या स्वभावाचा निवाडाहि देऊन मोकळा होईल. हा निवाडा पुष्कळदां चुकतो. तरी पाहुण्याच्या डोळ्यांस कांहीं गोष्टी अशा दिसतात, कीं ज्या रोजच्या सवयीमुळें रहिवाशास दिसेनाशा झालेल्या असतात. आणि कांहीं गोष्टी त्याला दिसूं नयेत म्हणून मुद्दाम झांकूनहि ठेवलेल्या असतात. दक्षिण अमेरिकेंतील अर्जेन्टिना देशाची राजधानी जें ब्यूनॉस आयर्स शहर, त्याच्या बाबतींत या दोन्ही गोष्टींचा प्रत्यय येतो.

आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजले म्हणजे तेथें दुपारचे बारा वाजतात. ऋतूहि उलटे. सूर्य दुपारीं उत्तरेकडे असतो, म्हणून तेथें उत्तराभिमुख घराला मागणी. मी गेलों तो नोव्हेंबर महिना होता, म्हणजे तेथला वसंत. रस्त्यांच्या दुतर्फा जॅकरांडाचीं झाडें जांभळ्या फुलांनीं लवलीं होतीं, आणि तेथलें राष्ट्रीय पुष्प म्हणून जें झाड मला कौतुकानें दाखविण्यांत आलें, तें आपल्या पांगाऱ्याचें सख्खें भावंड निघालें! इतक्या दूर जाऊन पांगारा भेटावा याचें मला फार नवल वाटलें.

या शहरासंबंधीं बोलतांना आरंभ नदीपासून करावा लागतो. तिचें नांव रिओ दे ला प्लाता, म्हणजे रुप्याची नदी. रुपें तिच्यांत कधीं सांपडलें नाहीं, आणि रंगानेंहि ती रुपेरी नाहीं; आपल्याकडच्या श्रावणांतल्या पुरासारखी ती गढूळ तांबूस आहे. रुंद मात्र इतकी, कीं समोरचा उरुग्वे देशाचा किनारा काठावरून एरव्हीं दिसत नाहीं. हिच्या काठीं स्पॅनिश लोकांनीं १५३६ सालीं प्रथम वसाहत केली, ती पांच वर्षांत सोडून द्यावी लागली, आणि १५८० सालीं पुन्हा वसविली. नदी विस्तीर्ण खरी, पण उथळ. त्यामुळें जुन्या काळीं जहाजें काठापासून मैलोगणती दूर नांगर टाकीत. उतारूंनीं तेथें होडींत उतरावें. होडीचाहि तळ टेंकला म्हणजे पाण्यांत उभ्या असलेल्या उंच चाकांच्या गाडींत चढावें, आणि अशा रीतीनें गचके खात जमिनीवर यावें. जुन्या प्रवासवर्णनांत ही गाडी वारंवार भेटते. १८८७ ते १८९७ या दहा वर्षांत मोठ्या खर्चानें गोद्या बांधल्या. पण त्या बांधून होतात न होतात तों जहाजें इतकीं मोठीं झालीं, कीं दुसरें बंदर बांधणें भाग पडलें. त्या जुन्या गोद्यांच्या लाल विटांच्या वखारींतून आज महागडीं उपाहारगृहें आणि श्रीमंतांचीं बिऱ्हाडें आहेत.

१८३३ सालीं चार्ल्स डार्विन येथें आला, तो मात्र नदीवाटे नव्हे. दक्षिणेकडील बाहिया ब्लांका गांवाहून, घोड्यावर बसून, सुमारें चारशें मैल ओसाड मैदान तुडवीत आला. त्याचें वय तेव्हां अवघें चोवीस होतें. शहराबाहेरील घायपाताचीं कुंपणें आणि पीच व ऑलिव्ह यांच्या राया पाहून त्याला बरें वाटलें. काटकोनांत आंखलेले सरळ रस्ते पाहून जगांतील अत्यंत रेखीव शहरांत याची गणना करावी असें त्याचें मत झालें. लोकवस्ती त्या वेळीं साठ हजारांच्या आसपास होती. परंतु त्याच्या मनावर खरा ठसा उमटला तो गुरांच्या कत्तलखान्याचा. स्वार बैलाच्या शिंगांत दोरीचा फास टाकून त्याला फरफटत नेत आहेत आणि घोडे व माणसें रक्तानें माखलीं आहेत, हा देखावा त्याला असह्य झाला. गोमांस आणि कातडें यांवर शहराचा संसार चालला होता, हें त्यानें ओळखलें.

याच डार्विनचें दुसरें एक निरीक्षण मला अधिक उद्बोधक वाटतें. वाटेंत त्याची जनरल रोसास याच्याशीं गांठ पडली होती. हा पुढारी देशाचें कल्याण करील असें त्याला वाटलें, आणि तसें त्यानें लिहूनहि ठेवलें. थोड्याच दिवसांनीं रोसासच्या पक्षानें शहरास वेढा दिला, तेव्हां जनरलसाहेबांच्या ओळखीचा उच्चार केल्यामुळेंच डार्विनला आंत प्रवेश मिळाला. पुढें रोसासनें सर्वसत्ता हातीं घेऊन १८५२ पर्यंत देशावर जुलूम केला. १८४५ सालच्या आवृत्तींत डार्विननें तळटीप देऊन सांगितलें, कीं आपलें भाकीत सपशेल चुकलें. प्राण्यांच्या बाबतींत इतकी सावध असलेली ही दृष्टि, पाहुणचार करणाऱ्या माणसाच्या बाबतींत कशी भुलली पाहा!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या शहराचें रूप पार पालटलें. १८६९ सालीं एक लक्ष ऐशीं हजारांच्या आसपास असलेली वस्ती १९१४ सालीं पंधरा लक्षांवर गेली, आणि त्यांतील जवळजवळ निम्मीं माणसें परदेशांत जन्मलेलीं होतीं. इटालियन आणि स्पॅनिश लोक सर्वांत अधिक. आजहि तेथली स्पॅनिश कानीं पडली म्हणजे ती इटालियन हेलांत कोणी म्हणून दाखवीत आहे असा भास होतो. मध्यंतरीं १८७१ सालीं पीतज्वराची सांथ येऊन तेरा हजारांहून अधिक माणसें दगावलीं. धनिक लोक दक्षिण भाग सोडून उत्तरेकडे गेले, आणि त्यांच्या रिकाम्या वाड्यांत नव्यानें आलेलीं कुटुंबें खोलीगणिक राहूं लागलीं. मुंबईच्या चाळी ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना या वाड्यांचें चित्र सहज डोळ्यांसमोर आणतां येईल : मध्यें चौक, भोंवतीं खोल्या, आणि सर्वांना मिळून पाण्याची एक जागा. १९०७ सालीं भाडें वाढलें तेव्हां या खोल्यांतील कुटुंबांनीं भाडें देण्याचेंच नाकारलें, आणि त्या लढ्यांत बायकामुलें आघाडीवर होतीं.

तीनच वर्षांनीं, १९१० सालीं, स्वातंत्र्य-चळवळीची शताब्दी साजरी झाली. फ्रान्सचे मुत्सद्दी क्लेमान्सो त्या वर्षीं येऊन गेले आणि त्यांनीं प्रवासवर्णनहि लिहिलें. मान्यवर पाहुण्यांना दाखविण्यासारखें पुष्कळ होतें : रुंद राजमार्ग, दोन वर्षांपूर्वींच उघडलेलें कोलोन नाट्यगृह, पॅरिसच्या धर्तीचे प्रासाद. समारंभ सुरू असतांना कामगारांच्या संपाच्या भीतीनें देशांत आणीबाणी जारी केलेली होती, ही बाजू मात्र रोषणाईंत दिसणें कठीण होतें.

आतां आपल्या जिव्हाळ्याच्या पाहुण्याकडे वळूं. पेरू देशाच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीस उपस्थित राहण्याकरितां रवीन्द्रनाथ टागोर निघाले होते. वाटेंत ते आजारी पडले, आणि नोव्हेंबर १९२४ मध्यें ब्यूनॉस आयर्स येथें उतरल्यावर डॉक्टरांनीं पुढील प्रवासाची मनाई केली. व्हिक्टोरिया ओकाम्पो नांवाच्या चौतीस वर्षांच्या एका विदुषीनें 'गीतांजलि' फ्रेंच भाषांतरांत वाचली होती. तिनें शहराबाहेर सान इसिद्रो येथें नदीकडे तोंड करून असलेलें एक घर त्यांच्यासाठीं मिळविलें. आठवड्याचा मुक्काम दोन महिन्यांवर गेला. सज्जांतील आरामखुर्चींत बसून कविवर्य तासन् तास नदी न्याहाळीत. शहर असें त्यांनीं फारसें पाहिलेंच नाहीं. पेरूचा बेतहि रहित झाला. पण 'पूरबी'तील कित्येक कविता तेथें लिहिल्या गेल्या, आणि तो संग्रह त्यांनीं 'विजया'ला, म्हणजे व्हिक्टोरियालाच, अर्पण केला. हस्तलिखितांत खोडलेल्या ओळींना जोडून ते ज्या विचित्र आकृती काढीत, त्यांचें मोल तिच्या ध्यानांत आलें, आणि १९३० सालीं पॅरिसमध्यें त्यांच्या चित्रांचें पहिलें प्रदर्शन घडून आलें तें तिच्याच खटपटीनें. ती आरामखुर्ची तिनें त्यांच्याबरोबर जहाजावर चढविली. खुर्ची खोलीच्या दारांतून आंत जाईना, तेव्हां दार काढावें लागलें! ती आज शांतिनिकेतनांत आहे, आणि १९४१ सालीं, आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत, कवींनीं तिच्यावर एक कविता लिहिली. पॅरिसनंतर मात्र उभयतांची भेट झाली नाहीं, आणि व्हिक्टोरियाबाई हिंदुस्थानांत कधीं आल्या नाहींत.

पांच वर्षांनीं, १९२९ सालीं, ल कॉर्ब्युझिए हा वास्तुशास्त्रज्ञ दहा व्याख्यानें देण्यास आला. पुढें चंदीगड ज्यानें आंखलें तोच हा. रात्रीं जहाजावरून त्याला सपाट भूमीवर दिव्यांची एकच लांब रेघ दिसली, आणि त्या आडव्या रेघेवर उंच मनोरे उभारावे अशी कल्पना त्यानें तेथल्या तेथें बांधली. मनोरे झाले नाहींत. पण त्याचा एक आक्षेप लोकांच्या लक्षांत राहिला. तो म्हणाला, कीं या शहरानें आपल्या नदीकडे पाठ फिरविली आहे. बंदर, रेल्वे आणि वखारी यांच्यामुळें नागरिकांना नदी दिसतच नव्हती.

सर्वांत लांबलेला मुक्काम एका पोलिश लेखकाचा. व्हितोल्ड गोम्ब्रोविच ऑगस्ट १९३९ मध्यें नव्या जहाजाच्या पहिल्या सफरीचा पाहुणा म्हणून आला. थोड्याच दिवसांत जहाज परत निघालें, महायुद्ध पेटलें, आणि हा मागें राहिला. थोड्या दिवसांसाठीं आलेला माणूस चोवीस वर्षें राहिला! त्यांतील आठ वर्षें त्यानें पोलिश बँकेंत कारकुनी केली. त्याच्या कादंबरीचें स्पॅनिश भाषांतर एका उपाहारगृहांत, बुद्धिबळाच्या पटांच्या सोबतीनें, मित्रमंडळींनीं वादविवाद करीत पुरें केलें. हें त्या शहरांतच घडावें! कारण तेथें एक पेला कॉफी मागवून दुपारभर बसलें तरी वाढपी कपाळास आंठी घालीत नाहीं. घरोघरीं आणि बागेंत 'माते' नांवाच्या पाल्याचा काढा एकाच भोपळ्यांतून, एकाच नळीनें, आळीपाळीनें पितात. सोंवळ्याओंवळ्याच्या दृष्टीनें विचार केला तर आमच्या आजीला तेथें एक घोटहि उतरला नसता. मला पहिला घोट कडू लागला, तिसरा आवडला.

इतकें रसाळ हें शहर, आणि तरी १९७८ सालीं तेथें आलेल्या पाहुण्यांविषयीं बोलणें जड जातें. त्या वर्षीं फुटबॉलची जागतिक स्पर्धा तेथें झाली. २४ मार्च १९७६ पासून देश लष्करी अंमलाखालीं होता. २५ जूनला अर्जेन्टिनानें अंतिम सामना जिंकला, तेव्हां क्रीडांगणांतील जयघोष जवळच असलेल्या नौदलाच्या एका शाळेंत बंद्यांना ऐकूं येत होता. त्या शाळेंत सुमारें पांच हजार स्त्रीपुरुष गुप्तपणें कोंडले गेले. बहुतेक परत आले नाहींत. १९८४ सालीं सरकारी आयोगानें देशभरच्या ८,९६१ बेपत्ता माणसांची नोंद केली. मानवी हक्कांच्या संघटना हा आंकडा तीस हजार मानतात. पुष्कळांना गुंगीचें औषध देऊन विमानांतून नदींत व समुद्रांत टाकलें, हें १९९५ सालीं नौदलाच्या एका अधिकाऱ्यानें उघडपणें सांगितलें.

हें झांकलेलें ज्यांनीं उघडें पाडलें त्या पाहुण्या नव्हत्या. ३० एप्रिल १९७७ रोजीं राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरील चौकांत चौदा स्त्रिया आपल्या मुलांची चौकशी करण्यास जमल्या. उभें राहण्यास बंदी आहे, चालत राहा, असें पोलिसांनीं दरडावलें; म्हणून त्या हातांत हात घालून चालूं लागल्या. पुढें ओळख पटावी म्हणून त्यांनीं तान्ह्या मुलांच्या लंगोटांचें पांढरें कापड डोक्यास बांधलें. त्यांच्यांतील पुढारी असुसेना व्हियाफ्लोर हिलाच त्या डिसेंबरांत पळवून नेलें. किनाऱ्यास लागलेलें तिचें प्रेत बेवारस म्हणून पुरलें होतें. ओळख पटली २००५ सालीं. तिची रक्षा आतां त्याच चौकांतील स्तंभाच्या पायथ्याशीं आहे. दर गुरुवारीं दुपारीं साडेतीन वाजतां त्या स्तंभाभोंवतीं फेरी निघते. मी गेलों त्या गुरुवारीं बाजूला उभे असलेले प्रवासी छायाचित्रें घेत होते. एका वृद्ध बाईनें त्यांच्यापैकीं एकास हात करून फेरींत बोलाविलें, आणि तो कॅमेरा खांद्यास लटकावून मुकाट्यानें चालूं लागला.

ती नौदलाची शाळा आतां संग्रहालय आहे. शहराच्या उत्तरेस, अगदीं नदीच्या कांठीं, एक स्मृति-उद्यान केलें असून तेथील दगडी भिंतींवर नांवें आणि वयें कोरलेलीं आहेत. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, त्याच तांबूस पाण्यांत, एका मुलाची पूर्णाकृति मूर्ति उभी केली आहे. १९७७ सालीं त्याला नेलें, तेव्हां तो चौदा वर्षांचा होता. मूर्तीचें तोंड नदीकडे आहे. काठावर कोठेंहि उभें राहिलें तरी त्याचा चेहरा दिसत नाहीं.