रानातील आमरी : सारख्या दिसणाऱ्या जातींची ओळख

(प्राथमिक शिक्षकांच्या निसर्ग-अभ्यास वर्गातील भाषण)



ज्येष्ठ लागला की सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या गावांतून आंब्याच्या, जांभळीच्या, ऐनाच्या जुन्या खोडांवर गुलाबी-पांढरे घोस लोंबू लागतात. एखादा विद्यार्थी तो घोस तोडून वर्गात आणतो व गुरुजींपुढे धरतो. "सीतेची वेणी," असे उत्तर बहुधा मिळते. ते कधी बरोबर असते, कधी नसते; परंतु घोसासाठी ओढताना मुळासकट निघालेले झाड दोन्ही प्रसंगी जाते. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते व त्यात अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ लाभली तरच ते रुजते, आणि रुजल्यावर फूल येण्यास कित्येक वर्षे लागतात. म्हणून झाड जागेवरच ठेवून त्याची जात कशी ओळखावी, हा शिक्षकापुढील खरा प्रश्न होय.

आरंभीच एक गैरसमज दूर करावयास हवा. गावात आमरीला सर्रास बांडगूळ समजतात व आंब्याच्या हितासाठी म्हणून ती खरवडून टाकतात. बांडगूळ यजमान वृक्षात मुळे घुसवून त्याचा रस शोषते. आमरीची जाड, पांढुरकी मुळे सालीला केवळ धरून राहतात. त्यांवरील स्पंजासारखे आवरण पाऊस व दव टिपून घेते, आणि अन्न ती आपल्या पानांतच तयार करते. या घोटाळ्याचा दोष एकट्या गावकऱ्यांकडे नाही. संस्कृतातील 'वन्दा' हा शब्दही झाडावर वाढणाऱ्या दोन्ही प्रकारच्या वनस्पतींना लावीत, आणि तोच पुढे शास्त्रज्ञांनी आमरीच्या 'वँडा' या प्रजातीस दिला.

आमरीच्या फुलात बाहेरची तीन व आतली तीन अशी सहा दले असतात. आतल्या तिघांपैकी एक निराळ्या घडणीचे असते. त्यास ओठ म्हणतात. कीटक येऊन बसतो तो बहुधा त्यावर, आणि परीक्षकाची नजरही प्रथम तेथेच गेली पाहिजे.

सीतेची वेणी, म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा, आणि एरिडिस मॅक्युलोसा यांची गल्लत सर्वांत अधिक होते. दोन्ही झाडांवर वाढतात, दोघींची पाने पट्ट्यासारखी, बहर उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या तोंडाशी, आणि दोघींच्या फुलांवर जांभळट ठिपके. 'मॅक्युलोसा' या शब्दाचा अर्थच 'ठिपकेवाली'. तेव्हा ठिपक्यांवरून निर्णय करणे म्हणजे फसणेच होय. प्रथम घोस पाहावा. वेणीचा घोस एकसंध, गोल व इतका दाट असतो की आतला दांडा क्वचितच दिसतो. शंभर किंवा त्याहून अधिक फुलेही त्यात असू शकतात. एरिडिसचा घोस विरळ असतो व त्यास बहुधा फाटे फुटतात. मग ओठ पाहावा. वेणीच्या ओठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी पिशवी असते. एरिडिसमध्ये तेथे शुंडिका असते व तिचे टोक पुढे, ओठाखाली वळलेले असते. ओठ पसरट व गडद गुलाबी असल्याने दुरूनही उठून दिसतो.

एरिडिसची दुसरी जात क्रिस्पा. तिची दले पांढरी, गुलाबी झाक असलेली, परंतु ठिपक्यांवाचून असतात. ओठाची कड बारीक कातरल्यासारखी व चुणीदार असते. 'क्रिस्पा' म्हणजे कुरळी. तिचे खोड मॅक्युलोसापेक्षा लांब वाढते. लॅटिन नावांना मुले भितात. परंतु नावातच खूण दडली आहे असे सांगितल्यास तीच नावे त्यांच्या तोंडी सहज बसतात.

डेंड्रोबियमची जोडी याहून अवघड. बार्बेट्युलम व ओव्हेटम या दोघींची पाने बहराच्या वेळी गळलेली असतात व उघड्या कांड्यांवर फुले येतात. पहिलीची पांढरी, क्वचित गुलाबी छटेची, दुसरीची दुधट-पिवळसर. ओव्हेटम बहुधा आधी, थंडीत फुलते; बार्बेट्युलमचा भर थंडी सरताना येतो. तथापि दोघींचे दिवस काही ठिकाणी एकमेकांत मिसळतात आणि जुन्या फुलाचा रंगही पालटतो. म्हणून ताजे फूल पाहावे, व एका लक्षणावर कधीही विसंबू नये.

फुले नसताना केवळ पानांवरून नाव सांगण्याचा मोह शिक्षकाने टाळावा. वहीत "फूल पाहिल्यावर ठरवू" एवढे लिहून झाडाची जागा नोंदवावी. सांतापाव व कपाडिया यांचा मुंबई परिसरातील आमरींवरील ग्रंथ 1966 साली प्रसिद्ध झाला. तशा ग्रंथांशी ताडून पाहण्यास अशी नोंद फार उपयोगी पडते. तीत यजमान वृक्ष, घोसाचा आकार, ओठाचे चित्र, शुंडिकेची दिशा व तारीख एवढे असावे. चित्र मुलांनी झाडाखाली उभे राहूनच काढावे. फूल उंचावर असल्यास गळून पडलेले पाहावे. घोस झडू लागला की खाली पुरेशी फुले मिळतात.

वळवाच्या वाऱ्याने कधी आमरीसह फांदी मोडून रस्त्यावर पडते. असे झाड शाळेच्या आवारातील खरबरीत सालीच्या आंब्यावर, सावलीच्या बाजूस, काथ्याने बांधावे. नवी मुळे सालीला चिकटली म्हणजे काथ्या सोडावा.