वारा पडला तेव्हा

शिडांच्या जहाजांचे युग म्हटले, की फुगलेली शिडे डोळ्यांपुढे येतात. वल्ह्यांची युद्धनौका ही ग्रीक-रोमनांच्या काळातली गोष्ट, असा माझाही समज होता. पण उत्तर युरोपात, बाल्टिक समुद्रात, स्वीडन आणि रशिया अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत वल्ह्यांच्या बळावर लढत होते.

याला कारण तिथला किनारा. फिनलंड आणि स्वीडनच्या काठाला हजारो खडकाळ बेटे आणि त्यांच्यामधून अरुंद, उथळ वाटा. तिथे मोठे जहाज वळवायचे कसे? आणि वारा पडला तर? आपल्याकडे आंग्र्यांच्या आरमारात वारा पडला की गलबते वल्ही मारून मोठ्या गुराबांना ओढून नेत. बाल्टिकमध्ये मात्र वल्ह्यांच्या नौकांचे, म्हणजे गॅलींचे, वेगळे ताफेच उभे राहिले.

1714 च्या ऑगस्टमध्ये फिनलंडच्या दक्षिण टोकाला, गांगुटजवळ, स्वीडनची मोठी जहाजे रशियाची वाट अडवून उभी होती. रशियाच्या गॅली सुमारे शंभर. झार पीटर स्वतः हजर. पण सरसेनापती म्हणून नव्हे, हाताखालचा अधिकारी म्हणून! त्याने गॅली जमिनीवरून ओढून पलीकडे नेण्याची तयारी चालवली. ते रोखायला स्वीडनने एरनशोल्ड या अधिकाऱ्याबरोबर थोड्या नौका पलीकडे धाडल्या. तेवढ्यात वारा पडला. शिडे लोंबू लागली, आणि जागीच खिळलेल्या जहाजांच्या तोफांचा पल्ला चुकवून रशियन गॅली वल्ही मारीत निघून गेल्या. एरनशोल्ड कोंडीत सापडला. दोन हल्ले त्याने परतवले, तिसऱ्यात तो हरला.

1719 मध्ये रशियन गॅलींनी स्वीडनचा किनारा जाळला. नॉर्कोपिंग शहर भस्मसात झाले. गांगुटच्या विजयाची चित्रे पुष्कळ आहेत.

ही वल्ही मारी कोण? भूमध्य समुद्रात गुलाम आणि कैदी मारीत. इथे बहुतेक सैनिकच. दिवसभर वल्हे ओढायचे आणि फोड आलेल्या त्याच हातांनी बंदूक धरायची.

स्वीडनने धडा घेतला. 1756 मध्ये बेटांमधल्या लढाईसाठी वेगळे आरमार स्थापन झाले. चॅपमन या जहाजबांधणी तज्ज्ञाने त्यासाठी शीड आणि वल्ही दोन्ही असलेल्या नौका आखल्या. नावे उदेमा, तुरुमा, हेम्मेमा! कवीला मोह पडावा अशी. ती आहेत फिनलंडच्या प्रांतांवरून घेतलेली. पण खरे काम केले त्याच्याच छोट्या होड्यांनी, एक-दोन जड तोफा घेऊन बेटांआड दबून बसणाऱ्या.

9 जुलै 1790. राणी कॅथरीनच्या राज्यारोहणाचा वाढदिवस. तो साजरा करायचा म्हणून रशियन सेनापतीने स्वेन्स्कसुंडला गुस्ताव राजाच्या ताफ्यावर चाल केली. या वेळी वारा पडला नाही, उठला. नैऋत्येच्या लाटांत वल्हेकरी थकले, गॅली उलटल्या, खडकांवर आपटल्या. मृत आणि कैदी मिळून रशियाची सात हजारांहून अधिक माणसे गेली. बाल्टिकमधली ही सर्वांत मोठी आरमारी लढाई.

पुढच्याच महिन्यात तह झाला. दोन्ही देशांची सीमा आधी होती तिथेच राहिली.