अंगदुखी, दारू आणि स्नायूंचे बळ



कुर्ला हे श्रमणाऱ्या शरीरांचे उपनगर आहे. स्वदेशी मिल, प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कमानी ट्यूब्ज यांच्या पाळ्यांवर येथील अनेक घरांची घड्याळे चालत. भोंगे थांबले, परंतु लोकमान्य टिळक टर्मिनसवरचा हमाल, कारशेडमधला कामगार आणि संध्याकाळी मैदानात उतरणारा कबड्डीपटू यांच्या रूपाने शरीरश्रम येथे अद्याप नांदत आहेत. त्यांच्या सोबतीने एक जुना समजही नांदतो आहे : "अंग मोडून आले आहे, थोडी घेतली की मोकळे होईल." पाळी सुटल्यावर गुत्त्याकडे वळणाऱ्या पावलांना या वाक्याने आधार दिला. आज सामन्यानंतरच्या 'पार्टी'लाही तेच वाक्य पुरते.

हा समज तपासायचा तर प्रथम ठणका म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. लॅक्टिक आम्ल साचल्याने अंग दुखते असे व्यायामशाळांतून सर्रास सांगितले जाते. ते आम्ल तासाभरात ओसरते; ठणका मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऐन भरात येतो. स्नायू ताण सोसत लांबतो तेव्हा त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होतात, हे त्याचे कारण. चढाईपटू भरधाव जाऊन एकाएकी थांबतो, मागे वळतो. हमाल डोक्यावर बोजा घेऊन पुलाचा जिना उतरतो. जिना चढताना दम लागतो. मांड्या दुखतात त्या बहुधा उतरण्याने.

न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठात मॅथ्यू बार्न्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली नेमका हाच प्रश्न हाताळला. ११ निरोगी तरुणांच्या मांडीच्या स्नायूंकडून असे ताणाचे ३०० आवर्तन करून घेतले. एका खेपेस नंतर नुसता संत्र्याचा रस दिला. दुसऱ्या खेपेस, दुसऱ्या पायाच्या श्रमानंतर, रसात वोडका मिसळली. मद्यार्काचे प्रमाण होते वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅम. ६० किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत हे म्हणजे व्हिस्कीची १८० मिलिलिटरची एक 'क्वार्टर'. ३६ तासांनी स्नायूंचे बळ मोजले. स्थिर ताणाच्या मापनात रस प्यालेल्यांचे बळ सुमारे १२ टक्के घटले होते, मद्य घेतलेल्यांचे ३४ टक्के. ठणक्यात मात्र विशेष फरक नव्हता!

समजाचे मूळ नेमके येथे आहे. दारूने दुखणे वाढत नाही, म्हणून ती बाधली असे कोणाला वाटतच नाही. शरीर तक्रार करीत नाही आणि बळ मात्र निम्म्या वाटेवर अडकून राहते.

असे का व्हावे, यावर ऑस्ट्रेलियातील २०१४च्या एका अभ्यासाने प्रकाश टाकला. दर किलोमागे दीड ग्रॅम मद्यार्क घेतल्यावर स्नायूंत नवी प्रथिने घडण्याचा वेग, उत्तम प्रथिनाहार सोबत असूनही, २४ टक्क्यांनी मंदावला. प्रथिनांऐवजी पिष्टमय आहार असता ही घट ३७ टक्के होती. चकण्याला उकडलेली अंडी असली म्हणजे भरपाई झाली, असे मानणाऱ्या मंडळींनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

हे अभ्यास मोजक्याच तरुणांवर झाले आहेत, आणि बार्न्स यांच्याच पुढील अभ्यासात अर्ध्या मात्रेने बळावर परिणाम आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु विजयाच्या रात्री अर्ध्या 'क्वार्टर'वर थांबणारा संघ किती जणांनी पाहिला आहे? शिवाय मद्याने लघवी वाढून घामाने आधीच आटलेले शरीर अधिक आटते आणि उत्तररात्रीची झोप मोडते. त्यावर अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळी घेणे तर पोटाशी व यकृताशी खेळणे होय. गंमत अशी की महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यान्वये मद्यपानाचा जो परवाना मिळतो, त्याची भाषा आरोग्याच्या रक्षणाची आहे!

घरात ज्याची रोजची मजुरी अंगबळावर आहे, त्याला याची किंमत अधिक मोजावी लागते. बळ कमी असले तरी बोजा तेवढाच राहतो. पाय घसरला तर त्या दिवसाची चूल थंडावते. त्याला लागते ते भरपूर पाणी, ताक, वरण-भात, उसळ किंवा अंडी, हलकी चाल आणि पुरी झोप. यातले काहीही कुर्ल्याच्या बाजारात दुर्मीळ नाही. ठणका असह्य असेल वा लघवी चहासारखी गडद होत असेल, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावे.

प्रशिक्षकांनी मुलांना एक हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा. शनिवारी रात्री नऊला सामना संपला, तर ३६ तास भरतात सोमवारी सकाळी नऊ वाजता. उपांत्य फेरी बहुधा रविवारी संध्याकाळीच असते.