एक सद्गृहस्थ

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या स्मरणसभेत केलेले भाषण)



भाषण करणे हा माझा पिंड नव्हे. गुलमंडीवर बसून चाळीस वर्षे कापड मोजले, तेवढेच मला येते. परंतु आपल्या ट्रस्टचे हिशेब तीस वर्षे सांभाळणारा माझा बालमित्र गेल्या मार्गशीर्षात आपल्यातून निघून गेला आणि त्याच्याविषयी मीच बोलावे असा त्याच्या मुलांचा आग्रह पडला. त्याचे नाव मी घेणार नाही. ते आपणा सर्वांस ठाऊक आहे आणि छापलेले त्याला आवडले नसते.

आमची ओळख वेरूळच्या गुरुकुलातली. आचार्य समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या त्या संस्थेत १९७२ साली, ऐन दुष्काळात, आम्ही दाखल झालो. तांबड्या मिलोची भाकरी माझ्या घशाखाली उतरत नसे. तो काही न बोलता आपल्या वाट्याचा गूळ माझ्या ताटात सरकवी. सुटीच्या दिवशी आम्ही जैन लेण्यांच्या वरचा डोंगर चढून पार्श्वप्रभूंच्या दर्शनास जात असू. त्या सुमारे सोळा फुटी पद्मासनस्थ मूर्तीच्या आसनावर शके ११५६ चा, म्हणजे इ. स. १२३५ चा लेख आहे. त्यात मूर्ती करविणाऱ्या चक्रेश्वराचे नाव आहे. गुरुजींनी ते सांगितले तेव्हा माझ्या बालमनाला वाटले, आपलेही नाव असे कुठे तरी कोरलेले असावे. त्याला काय वाटले, ते मी विचारले नाही.

पुढे मराठवाडा विद्यापीठाची बी.कॉम. पदवी दोघांनी एकाच वर्षी घेतली. मी वडिलांच्या दुकानात बसलो, तो जुन्या मोंढ्यात भुसार आडतीवर. धर्मादाय आयुक्तांकडे जाणारा ट्रस्टचा हिशेब त्याच्या हातून कधी उशिरा गेला नाही. एकदा अकरा रुपयांचा फरक निघाला. मी म्हणालो, "खिशातून भर आणि झोप." तो म्हणाला, "भरले तर फरक झाकेल, सापडणार नाही." पहाटे तीनला सापडला. (चहा मीच केला होता.)

आता न सांगण्यासारखे सांगतो. धर्मशाळेच्या खोलीला देणगी देऊन वडिलांच्या नावाची पाटी लावावी, असा अर्ज मी दोन वर्षांपूर्वी केला. पाट्या न लावण्याचा ट्रस्टचा जुना ठराव त्याने दाखविला. मी संतापून म्हणालो, "वेरूळला चक्रेश्वराचे चालते, माझ्या वडिलांचे चालत नाही?" तो गप्प राहिला. मी बोलणे सोडले.

गेल्या क्षमावाणीला, भाद्रपद वद्य प्रतिपदेस, तो दुकानाची पायरी चढून आला आणि हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणाला. मी गादीवर बसल्या बसल्या हात जोडले, तोंडाने तेच शब्द म्हटले आणि गिऱ्हाइकापुढे दुसरा तागा उलगडला. तो थोडा वेळ उभा राहिला, मग गेला. ती शेवटची भेट.

त्याच्या निधनानंतर जुन्या वह्या लावताना १९९३ सालची खातेवही हाती आली. त्या वर्षी माझा धंदा बुडीत होता. माझ्या आईने पर्वात घेतलेली पूजेची बोली भरणे बाकी होते आणि ती त्या काळजीने जेवत नव्हती. काही दिवसांनी ट्रस्टची पावती घरी आली. धाकट्या भावाने भरली असेल असे मी समजलो. लाजेने विचारलेही नाही. वहीत आईच्या नावे रक्कम जमा आहे आणि पुढे त्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले आहे, "ह. एक सद्गृहस्थ". आई गेली तोवर तो दर आठवड्याला आमच्या घरी येत असे. एका शब्दाने बोलला नाही. पाटीवरून मी त्याला नको ते बोललो, त्या दिवशीही नाही.

ती रक्कम मी आजच्या सभेपूर्वी त्याच्या घरी घेऊन गेलो होतो. वहिनींनी ती घेतली नाही. म्हणाल्या, "यांच्या वहीत येणे दाखविलेले नाही."

पाटीविषयीचा माझा अर्ज अजून ट्रस्टच्या दप्तरात आहे. तो मी परत घेत आहे. सचिवांनी नोंद घ्यावी. जय जिनेंद्र.