सूक्ष्मजीवांची सामाईक सूची
(व्याख्यानाची संहिता)



सूचीचे महत्त्व बडोदेकरांना नव्याने सांगावयास नको. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास येथे पाचारण केले. त्यांनी संस्थानातील ग्रंथालयांसाठी वर्गीकरणपद्धती आखली. पुढे ग्रंथांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी पोहोचल्या. १९१२ मध्ये इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा तीन भाषांतील ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघाले. विखुरलेल्या ग्रंथालयांना एका सूत्रात गुंफण्याचा तो उद्योग होता. सूक्ष्मजीवांच्या संग्रहांपुढे आज नेमका हाच प्रश्न उभा आहे.

हे संग्रह म्हणजे जिवंत ग्रंथालयेच होत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. चंडीगढच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत दुसरा मोठा संग्रह आहे. काचेच्या कुपीत गोठवून वाळविलेला जीवाणू वर्षानुवर्षे टिकतो आणि मागणी येताच पुन्हा वाढविता येतो. मात्र प्रत्येक संग्रहाचा दाखल क्रमांक निराळा. औषधांच्या कसोटीसाठी वापरला जाणारा एक प्रसिद्ध जीवाणू अमेरिकेत ‘एटीसीसी ६६३३’, जर्मनीत ‘डीएसएम ३४७’, तर चंडीगढला ‘एमटीसीसी ४४१’ आहे. नावही स्थिर नाही. पूर्वी ‘बॅसिलस सबटिलिस’ म्हणविला जाणारा हा जीव आता ‘बॅसिलस स्पिझिझेनाय’ या नावाने नोंदला जातो.

हे क्रमांक आणि ही नावे परस्परांशी जोडलेली नसतील, तर महाराजा सयाजीराव विद्यापीठातील अभ्यासक एकाच जीवाला तीन जीव समजेल. दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळले नाहीत, तर चूक प्रयोगात की जीव वेगळा, याचाही निवाडा होणार नाही. झालेले काम पुन्हा करण्यात वेळ आणि पैसा खर्ची पडेल.

या दिशेने प्रयत्न जुने आहेत. ऑस्ट्रेलियातील प्रा. स्कर्मन यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये जगातील संग्रहांची निर्देशिका छापली गेली. २०१२ मध्ये बीजिंगमधील जागतिक सूक्ष्मजीव माहिती केंद्राने अनेक देशांतील संग्रहांची सामाईक सूची संगणकीय जालावर आणली. जनुकक्रमांच्या बाबतीत अमेरिका, युरोप आणि जपान येथील माहितीपेढ्या आपल्या नोंदींची नित्य देवाणघेवाण करतात. यात कोणाचा संग्रह कोणाच्या घरी जात नाही. ज्याचा ठेवा त्याच्याकडेच राहतो, फक्त वाट सर्वांना मोकळी होते.

तथापि संगणक जोडणी करील, नोंद दुरुस्त करणार नाही. जीव कोणत्या मातीतून, कोणत्या गावी, केव्हा वेगळा केला, तो कोणत्या संग्रहातून कोणत्या संग्रहात गेला, हे मूळ नोंदवहीतच नसेल, तर उत्तम यंत्रणाही आंधळीच. म्हणून या जागतिक कार्याचा पाया अखेर एका साध्या गोष्टीवर उभा आहे: दाखलवहीत प्रामाणिकपणे लिहिलेली एक पूर्ण ओळ. त्या ओळीचे मोल ग्रंथपालाइतके दुसरा कोण जाणणार?