वागणे आणि वागवणे

इंग्रजीतील ‘बिहेव्ह’ हे क्रियापद आपल्या कानांना शाळेपासून परिचित असते. मास्तरांनी ‘बिहेव्ह युवरसेल्फ’ असे दरडावले की वर्ग चिडीचूप होई. या शब्दाचे मूळ ‘हॅव्ह’ या क्रियापदात असून त्याचा आद्य भाव स्वतःला सांभाळून धरणे असा आहे. म्हणूनच नुसते ‘बिहेव्ह’ म्हटले तरी ‘चांगले’ हा अर्थ त्यात आपोआप येतो.

मराठीत नुसते ‘वाग’ म्हणून भागत नाही. ‘नीट वाग’ म्हणावे लागते. शिवाय ‘कुणाशी?’ हा प्रश्न बहुधा त्याच्या पाठोपाठ येतोच. इंग्रजी शब्दाची दृष्टी प्रथम स्वतःकडे वळते, मराठी शब्दाची समोरच्या माणसाकडे. त्यातून आपल्याजवळ ‘वागवणे’ हे प्रयोजक रूप आहे. आपण ओझे वागवतो आणि माणसालाही वागवतो.

आम्हा सरकारी नोकरांसाठी महाराष्ट्रात 1979 चे ‘वर्तणूक’ नियम आहेत. मध्यप्रदेशात 1965 चे नियम ‘आचरण’ हा शब्द वापरतात. शब्द कोणताही असो, नियमांचा रोख मुख्यतः नोकराने स्वतःला कसे सांभाळावे याकडे असतो.

इंग्रजीत निर्जीव वस्तूही ‘बिहेव्ह’ करतात. धरणात प्रथम पाणी भरते तेव्हा भिंत कशी ‘बिहेव्ह’ करते, हे अभियंते काळजीपूर्वक तपासतात. जबलपूरजवळ नर्मदेवरील बरगी धरण 1990 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयामुळे जबलपूर, मंडला व सिवनी या जिल्ह्यांतील 162 गावे बाधित झाली. भिंत कशी वागली, याचे उत्तर मोजमापांत सापडते. त्या गावांतील माणसांना कसे वागवले गेले, हे मात्र कोणतेही यंत्र सांगत नाही. दीर्घ लढ्यानंतर 1994 मध्ये विस्थापितांच्या सहकारी संघाला जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळाला. ज्या पाण्याखाली शेते गेली, त्याच पाण्यावर उपजीविका करण्याची ही मुभा होती. तीही मागितल्यावाचून मिळाली नव्हती.

आमच्या वर्तणुकीवर वरिष्ठ गोपनीय अहवालात शेरा लिहितात. आम्ही माणसांना कसे वागवतो, यावरचा शेरा खिडकीपुढे अर्ज घेऊन उभा असलेला मनुष्य मनाशी लिहून ठेवतो. तो आमच्या वाचनात येत नाही. पण शासनाची खरी ओळख त्याच शेऱ्यावरून होत असते.